हिरव्या बांगड्यांचा सोमवार

तांडेल सर नसते तर पारू त्या शुक्रवारी आपल्या घरी, मोरा बंदराला, परत गेली असती, कायमची. म्हणून आधी त्यांचं नाव लिहिते, मग काय झालं ते सांगते.

सर जन्मापासून आंधळे. मुंबईला अंध मुलांच्या शाळेत शिकवायचे आणि दर गुरुवारी बस पकडून, पांढरी काठी टेकत वाशीला आमच्या सेंटरवर यायचे. सेंटर म्हणजे तळमजल्यावरचे दोन ब्लॉक, मधली भिंत पाडून एक केलेले. आजूबाजूला निम्म्या बिल्डिंगा अजून बांधायच्याच होत्या. आमच्याकडे सहा मुलं राहायला होती. सहाही जणांना दिसत नव्हतं आणि ऐकूही येत नव्हतं. अशा मुलांना शिकवायचं कसं हे तेव्हा फारच थोड्यांना माहीत होतं. म्हणून आठ टीचरांची ट्रेनिंगची पहिली बॅच आमच्याकडे सुरू झाली होती आणि सर त्यांना शिकवत होते.

मी तिथे आया होते. शाळा सातवीत सुटलेली. परभणीकडच्या खेड्यातून लग्न करून तुर्भ्याला आले होते. नवरा तळोज्याला केमिकल कंपनीत. गावाकडचं माणूस जवळ कुणी नाही. सेंटरमध्ये कुणी जरा मोठ्याने हाक मारली तरी वाटायचं, झालं, आज आपल्याला काढणार.

ट्रेनिंगला बसायचं तर डी.एड. लागायचं. पण पहिल्याच गुरुवारी शिकवता शिकवता सर थांबले. म्हणाले, "मागे बांगड्या वाजत होत्या, त्या कोण?"

"आया आहे सर," सबनीस मॅडम म्हणाल्या. त्या आमच्या डायरेक्टर. "फडकं मारतेय."

"फडकं केव्हाच थांबलंय मॅडम. ऐकतायत त्या. खुर्ची द्या त्यांना."

अशी मी बॅचमध्ये मागे बसायला लागले. सर मला 'वत्सलाबाई' म्हणायचे. सासर-माहेर धरून मला तोपर्यंत कुणी बाई म्हटलं नव्हतं.

आता पारूचं. सात वर्षांची. मोऱ्याच्या धक्क्याजवळ घर. ती पोटात असताना आईच्या अंगावर पुरळ उठलं होतं, त्या आजाराने पोरीचे डोळे आणि कान दोन्ही गेले. बाप बोटीवर, आई हिराबाई मासळीची पाटी घेऊन फिरायची. पोरीला आणून सोडलं त्या दिवशी हिराबाई मला म्हणाली होती, "बाय, हिला घरान ठेवाची तर दोरीने बांदाला लागते गो. मी पाटी घेऊन गेली का ही सरळ पान्यान जाईल. तुमी ठेवून घ्या."

पारूच्या कमरेवर त्या दोरीचा वळ होता. मीच आंघोळ घालायचे, म्हणून मला माहीत.

सेंटरचा नियम असा की नवीन मूल महिनाभर ट्रायलवर. महिन्याच्या शेवटी कमिटी यायची. मूल सेटल झालं तर राहणार, नाही तर घरी. जागा सहा आणि नावं नोंदवून बसलेले पालक कितीतरी. पारूची कमिटी त्या शुक्रवारी होती.

तीन आठवडे छान गेले होते. अशा मुलाला माणूस ओळखायचा तर आवाज नाही, चेहरा नाही. म्हणून प्रत्येकाने अंगावर एक खूण ठेवायची, मुलाच्या हाताला लागेल अशी, आणि रोज तीच. ती खूण म्हणजे त्या माणसाचं नाव. मॅडमचं नाव चामड्याच्या पट्ट्याचं घड्याळ. माझं नाव दोन्ही हातांत तीन-तीन अशा सहा काचेच्या बांगड्या. मी जवळ गेले की पारूचा हात आधी माझ्या मनगटावर यायचा. बांगड्या एकदा फिरवून बघायची, मग बोट धरायची. मी तिच्या हातात चमचा दिला की जेवण, पंचा दिला की आंघोळ, दोरीचा तुकडा दिला की झोपाळा. पहिल्या आठवड्यात दोरी हातात दिली की ती थरथरायची. दोरी म्हणजे झोपाळाही असू शकतो हे पटायला तिला आठ दिवस लागले.

तर त्या आधीच्या शनिवारी आमच्या शैला टीचरचं डोहाळेजेवण होतं. तिच्या घरी, सेक्टरमधल्या नव्या फ्लॅटमध्ये. मलाही आमंत्रण होतं. नुसतं आमंत्रण नाही, शैला म्हणाली, "वत्सला, तुमच्या तुर्भ्याचा तो कासार घेऊन ये ना. तुझ्या बांगड्या किती छान आहेत."

मला काय आनंद झाला सांगू! आपलं काहीतरी या शिकलेल्या बायकांना आवडलं. मी कासाराला दोनदा आठवण केली. तो आला, चटईवर बसला आणि आठही टीचरांचे हात हिरव्या बांगड्यांनी भरले. त्याला मीच म्हटलं, "मामा, माझ्यासारख्याच द्या सगळ्यांना." हौसेने म्हटलं.

सोमवारपासून ट्रेनिंगचा दुसरा भाग होता. टीचर पहिल्यांदाच मुलांबरोबर प्रत्यक्ष काम करणार होत्या.

सोमवारी सकाळी देसाई टीचर पारूजवळ गेल्या. पारूने मनगट चाचपलं, बांगड्या फिरवल्या आणि हसली. आम्हाला सगळ्यांनाच वाटलं, वा, किती पटकन ओळख झाली! देसाई टीचरने वरून तिचा हात धरला आणि दह्याचा चमचा तोंडात घातला. पारूला दही अजिबात चालत नाही. तिने थुंकून टाकलं. मग दुसऱ्या टीचर गेल्या, त्यांनी केस विंचरले. तिसऱ्यांनी उचलूनच घेतलं. दुपारी मी नेहमीसारखी जेवणाचा चमचा घेऊन गेले. पारूने बांगड्या चाचपल्या, चमचा भिरकावला आणि माझ्या मनगटाला कडकडून चावली.

मंगळवारी तिने भिंतीवर डोकं आपटलं. कुणालाच जवळ येऊ देईना. आपल्या हाताने दोन बिस्किटं खायची, पाणी प्यायची, बस. बुधवारी तेही नको.

मॅडमनी मला ऑफिसात बोलावलं. "वत्सला, तू काही वेगळं केलंस का?"

"नाही मॅडम. शपथ."

"मारलंबिरलं नाहीस ना?"

मला रडूच आलं. "मॅडम, मी तिला मारीन?"

"विचारावं लागतं मला." त्यांनी फाइल बंद केली. "परवा कमिटी आहे. मूल जेवत नाही हे मी लपवू शकत नाही. तिला पाठवावं लागेल. हिराबाईला निरोप दिलाय, शुक्रवारी कपड्यांची पिशवी घेऊन ये म्हणून."

त्या दिवशी घरी आले, स्टोव्हवर भात ठेवला आणि तो करपला तरी मला कळलं नाही. डोळ्यांसमोर तो कमरेवरचा वळ.

गुरुवारी सर आले. पारू जेवत नाही हे मॅडमनी त्यांना दारातच सांगितलं. काठी दाराशी ठेवली, खुर्ची चाचपून बसले. टीचर एकेक करून येऊन बसत होत्या.

"वत्सलाबाई, जरा पाणी देता का?" सर म्हणाले.

"सर, मी देसाई."

"हो का? माफ करा." थोड्या वेळाने डावीकडे मान वळवून म्हणाले, "वत्सलाबाई, खिडकी लावा, धूळ येतेय."

"सर, मी कुलकर्णी."

"अरेच्चा! आज या खोलीत आहेत तरी किती वत्सलाबाई?"

सगळ्या खो खो हसल्या. शैला म्हणाली, "सर, डोहाळेजेवणाच्या बांगड्या आहेत. सगळ्यांना सारख्या!"

सर हसले नाहीत. त्यांनी हात वर केला. "कधी घातल्या?"

"शनिवारी."

"आणि ती मोऱ्याची मुलगी कधीपासून जेवत नाही?"

खोलीत कुणी हललंसुद्धा नाही. बांगडी वाजेल म्हणून.

मी भिंतीला धरून उभी होते. कासार कुणी आणला? मी. सारख्याच द्या असं कोण म्हणालं? मी. सर फार हळू बोलले, पण मला एकेक शब्द आठवतो. "त्या मुलीला या जगात एक माणूस कळलं होतं. सोमवारी त्या माणसाने तिला दही भरवलं, केस ओढले, न विचारता उचललं. एकाच माणसाने. तिने चावू नये तर काय करावं?"

देसाई टीचर रडायला लागल्या. सर म्हणाले, "रडू नका. बांगड्या काढा."

आता ही आणखी पंचाईत. डोहाळेजेवणात भरलेल्या बांगड्या चार दिवसांत उतरवायच्या? कुलकर्णी टीचर म्हणाल्या, "सर, सासूबाई घरात घेणार नाहीत मला."

"मग नका काढू. तुमच्या घरचं मी कसं सांगणार? पण पारूच्या जवळ जाऊ नका, दुसऱ्या मुलांकडे जा. आणि उद्यापासून प्रत्येकीने आपली वेगळी खूण आणा. वत्सलाबाई, तुमच्या मात्र आजच काढा."

"माझ्या? सर, ते तर माझं नाव आहे."

"होतं. ते नाव आता खराब झालंय. नवं घ्या."

मी मोरीत गेले, साबण लावला आणि एकेक करून सहाही काढल्या. दोन तुटल्या. नवऱ्याची कंपनी केमिकलची, त्यात त्या दिवशी त्याची डबल ड्यूटी. गावाकडे मोकळ्या हाताच्या बाईकडे कसं बघतात ते मला माहीत होतं. मंगळसूत्र गच्च धरून बाहेर आले.

"सर, आता काय घालू? कडं घालू? लोकरीचा दोरा बांधू?"

"बाजारात मिळेल ते परत आठ जणी घेतील," सर म्हणाले. "तुम्ही मला बसस्टॉपवर सोडायला येता, तेव्हा तुमच्या डाव्या अंगठ्यावर एक उंच वळ लागतो. काय आहे तो?"

मी हात पदराखाली घेतला. "विळा लागला होता सर. ज्वारी कापताना." टीचर लोकांत मी तो अंगठा नेहमी मुठीत ठेवायचे.

"छान. तो द्या तिला."

पारू पाठीमागच्या व्हरांड्यात गुडघ्यांत डोकं घालून बसली होती. मी शेजारी बसले. शिवायचं नाही, ओढायचं नाही. आमच्या कामात याला 'हाताखाली हात' म्हणतात. मुलाचा हात वरून धरायचा नाही. आपला हात खाली उताणा ठेवायचा आणि वाट बघायची. मुलाला वाटलं तर ते त्यावर आपला हात ठेवील. हवा तेव्हा काढूनही घेईल. ऐकायला सोपं वाटतं. करून बघा.

एक तास काही नाही. मग तिचा हात आला, माझ्या मनगटावर गेला. मनगट मोकळं. तिने हात झटकला. परत आला, परत झटकला. तिसऱ्यांदा तो खाली सरकला, तळव्यावर, बोटांवर, मग अंगठ्यावर. विळ्याच्या वळावर थांबला. तिने तो नखाने खाजवून पाहिला. एका बाजूने, दुसऱ्या बाजूने. मग तिचा दुसरा हात वर आला आणि माझा गळा शोधायला लागला.

झोपवताना मी गाणं म्हणायचे, तेव्हा तिचा तळहात माझ्या गळ्यावर ठेवायचे. ऐकू येत नसलं तरी गळ्याचं थरथरणं हाताला कळतं. ते दुसऱ्या कुणी केलं नव्हतं. आता गायला लागले तर शब्दच आठवेनात. नुसतं "हूं हूं" केलं. ऐकू येत असतं तर पारूने कान जसा लावला असता, तसा तळहात लावला. बराच वेळ. मग पुढे सरकून माझ्या मांडीत डोकं ठेवलं.

संध्याकाळी तिने मऊ भात खाल्ला. सात घास. मी मोजले, कारण मॅडम दाराआडून मोजत होत्या. "सात ना?" त्या म्हणाल्या आणि चष्मा पुसत आत गेल्या.

शुक्रवारी कमिटीची तीन माणसं आली. हिराबाई रिकामी पिशवी छातीशी धरून कोपऱ्यात उभी. "नेवाची का गो हिला?" असं तिने मला दोनदा विचारलं. मी तिला पाणी आणून दिलं.

पारू काही शहाण्यासारखी वागली नाही. एका साहेबांच्या फाइलीवर पाणी सांडलं. त्यांनी हात पुढे केला, तर तिने त्यांचा अंगठा चाचपला आणि हात बाजूला सारला. मॅडमचं घड्याळ चाचपलं, तिथे एक क्षण थांबली, पुढे गेली. आईच्या हाताला मासळीचा वास. तो तिने ओळखला, गाल लावला. मग माझा अंगठा. तो धरून मला ओढत झोपाळ्याकडे घेऊन गेली.

साहेब म्हणाले, "हिला माणसं कळतात की! मग तीन दिवस जेवली का नाही?"

मॅडम बोलणार, तेवढ्यात मीच बोलले. कमिटीसमोर, सातवी सुटलेली आया. "साहेब, चूक तिची नव्हती. आम्ही सगळ्यांनी एकच नाव लावलं होतं." आणि बांगड्यांची सगळी हकीकत सांगितली. कासार मीच आणला होता हेसुद्धा.

साहेबांनी ओल्या फाइलीवर लिहिलं, पारूला ठेवावं. हिराबाई पिशवी तिथेच विसरून गेली.

पुढे मी बाहेरून दहावी केली, मग ट्रेनिंग, मग टीचर झाले. माझ्या हाताखालच्या प्रत्येक बॅचला पहिल्या दिवशी एकच सांगत आले. मूल बिघडलं असं रजिस्टरमध्ये लिहिण्याआधी मागच्या चार दिवसांत आपण काय बदललं ते लिहा. बहुतेक वेळा मुलाबद्दल लिहायला पुढचा कागद लागत नाही.

तांडेल सर आता थकलेत. मागच्या महिन्यात घरी गेले, तर त्यांना उजव्या कानाने काहीच ऐकू येत नव्हतं, डाव्या कानाशीही मोठ्याने बोलावं लागलं. "वत्सलाबाई, मला तुमच्या सेंटरात भरती करून घ्यावं लागणार," म्हणाले आणि हसले. त्यांच्या सूनबाई कावरीबावरी होऊन बघत होत्या. मी सूनबाईंना म्हटलं, दर गुरुवारी मी येईन, तुम्हाला शिकवीन. तळहातावर बोटाने अक्षरं कशी काढायची, चहा आला हे कसं सांगायचं, न सांगता त्यांना का उठवायचं नाही. सरांचा डावा कान गेला, तरी त्यांच्या घरात त्यांच्याशी बोलणारं कुणी नाही असा एकही दिवस मी येऊ देणार नाही. एवढं तरी मी त्यांचं फेडीन.