अंजनगावचा वाचक
शिलाई मशीनच्या तेलाचा वास आला की मला सासरे आठवतात, कारण अकोल्याला ते याच तेलाने रानडुकरांसाठी घेतलेली परवान्याची बंदूक पुसत आणि पुसता पुसता नेमबाजीचं मासिक मला मोठ्याने वाचून दाखवत. जावई असल्यामुळे मला उठता येत नसे. काडतुसं भरण्यावरचा तोच लेख तिसऱ्यांदा ऐकला आणि अमरावतीला परतल्यावर मी संपादकांना पत्र टाकलं: 'मासिकाचा दर्जा घसरला आहे. लेखकाने लवंगी फटाकाही उडवलेला दिसत नाही.' खाली सही केली, 'एक वाचक, अंजनगाव सुर्जी'. पुढच्या खेपेला अकोल्याला गेलो, तर पत्र छापून आलं होतं; ते मला वाचून दाखवता दाखवता सासरे ताडकन उठले. "चाला जावईबापू, अंजनगावले! त्याले पाहतोच." नशीब, बंदूक घरी ठेवली. बाजारात त्यांनी अडत्यापासून न्हाव्यापर्यंत सगळ्यांना विचारलं; मीही, काय सांगू, एका पानवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "काडतुसाचं मासिक? अहो, इथं लोक लग्नपत्रिका बी पुरी वाचत नाहीत." परतीच्या एसटीत सासऱ्यांनी कचोरीचा पुडा उघडला आणि हळूच म्हणाले, "तुमाले सांगू? भांडाले आलोच नव्हतो मी. तो लेख मलेबी पटला नव्हता. इतकं बारीक वाचणारा माणूस भेटला असता, तं दर आइतवारी घरी बोलावला असता त्याले. तुमी ऐकता आपले, पण बोलत काहीच नाही." सासरे गेले त्याला आता सहा वर्षं झाली. आज कबूल करतो, तो वाचक तेव्हा त्यांच्या शेजारी बसून दुसरी कचोरी खात होता, आणि तेव्हाही काहीच बोलला नाही.