ते वाक्य आत्याचं नव्हतं

मागच्या महिन्यात मी इथे खोटं लिहिलं.

लिहिलं होतं की आत्या आजारपणातही काम करत राहिली, म्हणून शेवटच्या केसमध्ये तिच्याकडून एक वाक्य चुकलं. तुम्ही सगळ्यांनी हात जोडले.

ते वाक्य माझं होतं.

आज आत्याला जाऊन वर्ष झालं. ती कुंभकोणमला वकील होती. ज्यांना वकील परवडत नाही त्यांचे घराचे, जागेचे, पोटगीचे दावे लढायची. आम्हा सहा ज्युनियरना तेच शिकवायची.

मला तर अक्षरंही तिनेच घरी शिकवली. गोष्ट वाचून झाली की पुस्तक मिटायची. "आता तू सांग."

ऑफिसातही तेच. ड्राफ्ट वाचून दाखवायचा, फाइल मिटायची, मग क्लायंटने आपली हकिकत आपल्या शब्दांत परत सांगायची. तोवर सही नाही.

त्या वेळी क्लायंट खुर्चीत, आम्ही जमिनीवर. नाहीतर माणसं भीतीने नुसती मान डोलावतात. एका ज्युनियरने इस्त्रीची पँट चुरगळते अशी तक्रार केली, तर म्हणाली, "कोर्टात जन्मभर उभाच राहणार आहेस. इथे बसून घे."

ती शेवटची केस कण्णम्माची. ती जवळच्या नाचियार्कोविल गावात पितळी दिव्यांना पॉलिश करते. नवरा वारल्यावर दिराने दावा लावला, घर माझं, हिला बाहेर काढा.

आत्या हॉस्पिटलात होती. दाव्याला लेखी जबाब दाखल करायचा शेवटचा दिवस. मी खुर्चीत बसून भरभर वाचलं. कण्णम्मा उभ्यानेच प्रत्येक वाक्याला "सरि अम्मा", बरं बाई, म्हणत राहिली.

मी सही घेतली.

हॉस्पिटलात आत्याने पेन हातात धरून विचारलं, "परत सांगून घेतलंस ना?"

"हो," मी म्हटलं.

तिने सही केली.

मी लिहिलं होतं, कण्णम्मा दिराच्या परवानगीने तिथे राहते. तिने मला सांगितलं होतं की नवरा गेला तेव्हा दीर म्हणाला, इथेच राहा. पुढचं मी विचारलंच नाही. जागा सासूने दिलेली. भिंती नवरा-बायकोने स्वतः बांधलेल्या.

मागच्या महिन्यात समोरच्या वकिलाने तेच वाक्य कोर्टात वाचलं: परवानगीने राहते, म्हणजे घर दिराचं हे तिलाच मान्य.

व्हरांड्यात कण्णम्मा हळूच म्हणाली, "मी असं कधी सांगितलंच नाही, अम्मा." मग माझा चेहरा बघून तिनेच मला सावरलं. "पेरियम्मा आजारी होत्या. त्यांना दोष नको देऊस." आत्याला ती पेरियम्मा, मोठ्या अम्मा, म्हणायची.

मी घरी येऊन ती पोस्ट लिहिली.

आता साक्षी सुरू झाल्यात. या टप्प्यावर जबाब दुरुस्त करून मिळणं कठीण. इतके दिवस काय करत होता, हे कोर्ट विचारणार. त्याला एकच उत्तर आहे, चूक माझी होती असं सांगणारं माझं ॲफिडेव्हिट. ते देऊनही कोर्ट नाही म्हणू शकतं. मग तिचं घर जाईल, आणि ते मी घालवलेलं असेल.

बरोबरचा ज्युनियर म्हणतो, "गेलेल्या माणसाचं काय बिघडतं? तुझी सनद नवी आहे."

बिघडतं. पोस्ट वाचून आत्याचे दोन जुने क्लायंट आपल्या फाइली दुसऱ्या वकिलाकडून तपासून घ्यायला घेऊन गेले.

आत्या, तुझ्याकडे माफी मागायला तोंड नाही. नमस्कार करते.

रविवारी नाचियार्कोविलला जाऊन कण्णम्माला सगळं सांगेन.

ॲफिडेव्हिट टाइप झालंय. कोर्टात दाखल करणार येत्या सोमवारी, सकाळी साडेदहाला.