बाबांची शर्यतीची गाडी

हे मी बायकोला सांगितलेलं नाही. दादाला तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय, ते नीट सांगता येणार नाही — पण आता बसलाच आहात, तर ऐका.

मला ओळखणारे जुन्या गाड्यांमुळे ओळखतात. तलासरीत माझ्या दारात पद्मिनी उभी असते, स्टिअरिंगला गिअर असलेली, आणि तिला मी एकही नट भलता लावलेला नाही. माझी मतं ठाम आहेत. जुनी गाडी झाकून ठेवायची वस्तू नाही, ती रोज चालली पाहिजे. पद्मिनीत नव्या गाडीचं इंजिन घालून मिरवणाऱ्याला मी तोंडावर सांगतो — भाऊ, ही गाडी नाही, हे सोंग आहे. ॲम्बेसेडरला लोक बोजड म्हणून हसतात. आमच्या गावच्या, कैनाडच्या तेव्हाच्या रस्त्यावर आत सात-आठ माणसं आणि टपावर भाताची पोती घेऊन दुसरी कुठली मोटार आली असती, ते दाखवा म्हणावं. आमच्या पाड्यातला पहिला पदवीधर मी. त्याचा अभिमान आहे, आणि तो मी लपवत नाही.

मग एवढं एकच का लपवलं?

बाबा शर्यतीत उतरायचे. हे खरं आहे. नरपडच्या किनाऱ्यावर, ओहोटी लागली की, ओल्या घट्ट वाळूवर गाड्या पळायच्या, आणि एका वर्षी बाबांची गाडी पहिली आली होती. बैलगाडी. आमच्याकडे तेव्हा गाडी म्हटली की बैलगाडीच. दुसरीला मोटार म्हणायचे.

जुन्या गाड्यावाल्यांच्या ग्रुपमध्ये मी नवा होतो. मुंबईचे, वापीचे, सुरतचे लोक. कुणाकडे आजोबांची हेराल्ड, कुणाकडे वडिलांची जीप. त्यांनी विचारलं, तुम्हाला हे वेड कुठून लागलं? मी म्हणालो, वडील गाडी चालवायचे, नरपडला शर्यत जिंकलेत. बैलगाडी हाकतात, चालवत नाहीत — हे मला माहीत नव्हतं का? 'हाकायचे' म्हणालो असतो तर तिथल्या तिथे सगळं कळलं असतं. एका शब्दाचा तर प्रश्न होता. समोरच्यांनी आपापलं समजून घेतलं, आणि मी — मी समजू दिलं. पुढे कुणी विचारलं, कुठली गाडी? तर जीप म्हणालो. उघडी जीप. ते मात्र सरळ खोटं.

इथवरच असतं तर तुमचा वेळ घेतला नसता. बढाया कोण मारत नाही?

मग ग्रुपची फेरी डहाणूला आली. एका चिकूच्या वाडीत गाड्या लागल्या. वापीचे केतनभाई — मनाने फार चांगला माणूस — मला न विचारताच सकाळी कैनाडला गेले आणि बाबांना आपल्या जीपमध्ये बसवून घेऊन आले. शाल, नारळ, टाळ्या. बाबा खुशीत होते. शर्यतीचं कुणी विचारलं की ते नेहमीच खुशीत यायचे. केतनभाईंनी विचारलं, "काका, गाडीला पिकअप कसा होता?"

बाबा म्हणाले, "शेपूट पिळलं का निघाला."

सगळे हसले. बाबांना वाटलं, गोष्ट रंगतेय. ते सरसावून बसले. डाव्या अंगाला मोऱ्या होता, म्हणाले, वळणावर आत ओढायचा, पण नावाने हाक मारली की सरळ व्हायचा. हसणं थांबलं. एकेक जण माझ्याकडे बघायला लागला.

तेव्हा मी बोललो. हळूच — पण बाबांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "बाबांच्या डोक्यात आता सगळं मिसळतं. बैल, जीप... काही कळत नाही त्यांना."

किती पटकन सुचलं मला! बाबा बोलता बोलता थांबले. केतनभाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, आजारी माणसाच्या ठेवतात तसा. बाबांनी मला खोटं पाडलं नाही. शाल सावरत नुसते बसून राहिले. त्यांना तेव्हा काय वाटलं असेल? मी कधी विचारलं नाही.

परत सोडताना केतनभाईंनी दादाला काळजीने सांगितलं, काकांना एकटं सोडत जाऊ नका. दादाचा मला फोन आला — खरंच का रे असं? तेव्हाही 'नाही' म्हणता आलं असतं. मी म्हणालो, लक्ष ठेवा जरा.

पाड्यात गोष्ट पसरायला वेळ लागत नाही. दादाने बैलांचा कासरा त्यांच्या हातातून काढून घेतला. वहिनी चुलीपाशी बसू देईना. भेटणारा प्रत्येक जण मोठ्याने, सावकाश विचारायचा — ओळखलंत का मला? बाबा आधी हसायचे. म्हणायचे, तुला काय, तुझ्या बापालाबी ओळखतो, माझा नांगर नेलाय त्याने, अजून आणतोय. मग हळूहळू ते हसणंही बंद झालं.

आता खरं सांगतो. वरचं सगळं याच्यासाठीच होतं.

एका रविवारी मी कैनाडला गेलो होतो. ओट्यावर आम्ही दोघंच. बाबा म्हणाले, "पोरा, तू शिकलास. खरं सांग. मना इसर पडतो का?"

ते मला टोमणा मारत नव्हते. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. इतक्या लोकांनी इतक्या वेळा सांगितल्यावर त्यांचा स्वतःवरचाच भरवसा उडाला होता, आणि ज्याच्यावर भरवसा ठेवावा असा त्यांना मीच वाटत होतो. तिथे ग्रुप नव्हता. केतनभाई नव्हते. कुणाची लाज? कुणाची भीती? नाही म्हणायला काय लागत होतं?

"थोडा थोडा, बाबा," मी म्हणालो. "वयच झालंय ना."

त्यांनी मान हलवली. मी सांगतोय म्हणजे तसंच असणार.

त्यानंतर बाबांनी शर्यतीची गोष्ट कुणाला सांगितली नाही. साधं गावाचं, माणसाचं नाव घ्यायचं असलं तरी आधी दादाच्या तोंडाकडे बघायचे — बरोबर आहे ना? बरोबर असायचं. दर वेळी बरोबर असायचं.

गेल्या वर्षी बाबा गेले. भेटायला आलेले लोक मला समजावत होते — सुटले बिचारे, त्यांना कुठे काय आठवत होतं.

त्यांना सगळं आठवत होतं. मी एकेकाला हात जोडले आणि म्हणालो, हो.