बोटीच्या भोंग्यावरचं भजन

आमच्या मंडळाला पेटी नव्हती. टाळ चालत, पेटी चालत नसे. पेटी म्हणजे नाटकवाल्यांचं काम, घरंदाज बायकांचं नव्हे, असं आळीतल्या पुरुषांचं ठाम मत होतं. त्यातल्या निम्म्यांना सूर कशाशी खातात हे ठाऊक नव्हतं, पण मत होतं.

तीस सालच्या आगेमागे मी हेदवीहून लग्न होऊन रत्नागिरीत आले, तेव्हा हे बायकांचं भजनी मंडळ नुकतंच मूळ धरत होतं. मांडवी बंदराजवळच्या आमच्या आळीत शेजारच्या काकूंनी ते काढलं होतं. दर शुक्रवारी उन्हं कलली की त्यांच्या माजघरात जमायचं आणि सूर घ्यायचा तो आगबोटीचा. मुंबईची बोट बंदराबाहेर थांबताना भोंगा द्यायची, जाडाभरडा, म्हैस रेकावी तसा. काकू डोळे मिटून तो स्वर धरत आणि आम्ही तिथूनच सुरुवात करायचो. पावसाळ्यात बोटी बंद, म्हणून मंडळही बंद.

काकूंचा नियम एकच. कुणा एकीचा आवाज वेगळा ओळखू येता कामा नये. कारण साधं होतं. प्रत्येकीच्या घरी कुणी ना कुणी डोळे वटारून बसलेलं होतं. सगळ्यांचा मिळून एकच आवाज झाला, तर कुणाच्या सुनेला बोल लावणार? तालीम चालू असताना काकू ओसरीवर जाऊन ऐकत आणि तिथूनच विचारत, "अगो, कोण ती पुढे पळत्ये?" बहुधा मीच असायचे. हेदवीच्या किनाऱ्यावर लाटांशी पैज लावून गायलेली मी, दबून गाणं मला फार जड गेलं. पण शिकले. एका शुक्रवारी सगळ्यांच्या आवाजात माझा आवाज मलाच सापडेना, तेव्हा इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले.

माझे सासरे, मामंजी, बंदरावर बोटीच्या कचेरीत कारकून होते. मंडळात जायची परवानगी त्यांनी दिली ती अशी, "जा. पण माझ्या सुनेचा आवाज ओसरीवर ओळखू आला, तर तो शेवटचा शुक्रवार." सासर वाईट नव्हतं. पण आठवडाभर चुलीपुढे बसून मी त्या एका दिवसावर जगत होते. तो गेला असता तर मी मुकी झाले असते.

मग दत्तजयंती आली. काकूंच्या घरी जन्माचा उत्सव असे. त्या वर्षी प्रथमच आम्ही आत माजघरात पाळणा म्हणणार होतो आणि पुरुषमंडळी ओसरीवर बसून ऐकणार होती. पाळणा काकूंनीच रचलेला. ओसरीवर अगदी दाराशी मामंजी बसलेले. भोंगा वाजला तो चिरका, नेहमीपेक्षा पार वरचा. काकू क्षणभर थबकल्या, पण बोट कधी चुकत नाही अशी त्यांची श्रद्धा. त्यांनी तोच स्वर धरला. पहिलं कडवं कसंबसं निभावलं. दुसऱ्यापासून चाल वर चढते. एकेक बाई गप्प होऊ लागली. काकूंचाही आवाज फाटला, आणि मी एकटी उरले.

थांबावं तर देवाचा पाळणा अर्ध्यात तुटतो, आणि गावं तर शुक्रवार जातो. काकू पाळण्याची दोरी ओढतच होत्या. मी गायले. दबून गायलं असतं तर तो सूर लागलाच नसता, म्हणून हेदवीला गायचे तशी मोकळ्या गळ्याने गायले. शेवटी चाल खाली उतरली, तशा सगळ्याजणी पुन्हा मिळाल्या. सुंठवडा वाटताना मी दाराकडे बघितलंच नाही.

घरी जाताना मामंजी पुढे, मी आणि सासूबाई मागे. पायरीवर पाय धुताना ते म्हणाले, "आजची बोट बदली होती. नेहमीची दुरुस्तीला गेल्ये. मला आधी विचारायला काय झालं होतं तुम्हा बायकांना?"

आणि ते आत निघून गेले. मी तांब्या घेऊन तशीच उभी. आम्ही बोटीवरून सूर घेतो, हे यांना कुणी सांगितलं?

सासूबाई हसू दाबत म्हणाल्या, "शुक्रवारी त्यांना घरी यायला उशीर का होतो, असं वाटलं तुला? काकूंच्या दगडी गडग्याबाहेर, भिंतीआड उभे असतात हो!"

मी तिथेच पायरीवर बसले आणि पोटभर रडले. इतकं हलकं मला लग्न झाल्यापासून वाटलं नव्हतं.

पुढच्या शुक्रवारी कचेरीला निघताना मामंजी दारात थांबले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "आज नेहमीचीच आहे." मग दर शुक्रवारी बोटीची खबर मिळू लागली. बदली बोट असली की, "आज जरा खाली धरा."

पुढे ते पेन्शनीत निघाले. तरी शुक्रवारी जेवण झालं की काठी घेऊन मांडवीपर्यंत जात, कोणती बोट येणार ते विचारून येत, आणि मला सांगूनच मग पाठ टेकत.