मुखवट्यांचं गाऱ्हाणं

भुताखेतांवर पोट भरणारी बाई, अशीच सुलक्षणा परबची चारकोपच्या सोसायटीत ओळख होती, आणि तिला त्याचा चांगलाच अभिमान होता. अंधेरीच्या एका डबिंग स्टुडिओसाठी ती परदेशी मालिकांचे संवाद मराठीत लिहायची. जादूटोण्याची मालिका आली की ती हिच्याकडेच येणार, कारण बाकीचे लेखक तिथे हात टेकायचे. त्यांच्याकडे शब्द दोनच, राक्षस आणि काळी जादू. चिलखत घातलेला सांगाडा आला तरी राक्षस, झाडावर बसून पोरगं हसलं तरी राक्षस. सुलक्षणाच्या तळपायाची आग मस्तकात जायची. आपल्याकडे काय भुतांचा दुष्काळ पडलाय? मुंज होऊन लग्नाआधी गेला तो मुंजा, त्याला पिंपळच लागतो. चकवा कुणाला मारत नाही, नुसता वाट चुकवून फिरवत ठेवतो. करणी करतात, मूठ मारतात, उतारा ओवाळून टाकतात. ज्याचं त्याचं काम वेगळं, मग सगळ्यांना एकाच नावाने हाका कशा मारायच्या?

हे सगळे शब्द तिने एका जाड वहीत उतरवून ठेवले होते. त्यातले निम्म्याहून जास्त वडिलांच्या तोंडचे. धाकू परब आधी गिरणीत, गिरणी बंद पडल्यावर कांदिवलीतच एका गोदामावर राखणदार. आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. पण मालवणकडच्या त्यांच्या गावात त्यांची ओळख वेगळी होती. जत्रेला देवापुढे नारळ ठेवून गावाचं गाऱ्हाणं घालायचा मान परबांच्या घराचा, आणि दर जत्रेला मुंबईहून जाऊन तो मान त्यांनी चाळीस वर्षं चालवला. ते एकेक मागणं देवाच्या कानावर घालायचे आणि मागे उभा सगळा गाव म्हणायचा, ‘होय म्हाराजा’. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून तीन वर्षं ते गावी गेले नव्हते.

त्या वर्षी आलेल्या मालिकेत मुखवटे घातलेला एक पंथ होता. हे लोक डोंगरातल्या एका सैतानाला पूजत आणि सातव्या भागात त्याला जागं करत. एरवी वाक्य पात्राच्या ओठांना बसवता बसवता जीव जायचा, पण मुखवट्यांना कसले ओठ? सुलक्षणाला रान मोकळं मिळालं. तिने सैतानापुढे चक्क गाऱ्हाणं लिहिलं. पुरोहित एकेक मागणं घालतोय आणि चाळीस मुखवटे गरजतायत, ‘होय म्हाराजा’. रेकॉर्डिंगच्या दिवशी स्टुडिओतल्या लोकांच्या अंगावर काटा आला. डबिंगचा दिग्दर्शक मर्विन, मरोळ गावठाणातला, सहसा कुणाला चांगलं म्हणत नसे. तो म्हणाला, “सुलू, झकास. पुढचा सीझन तुझ्याकडेच.”

तो तुकडा फोनवर घेऊन ती घरी आली. धाकू खिडकीशी फणसाच्या आठळ्या सोलत बसले होते. तिने फोन त्यांच्यापुढे धरला आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघत उभी राहिली. पहिल्या ‘होय म्हाराजा’ला त्यांचे हात थांबले.

“ह्या कोणी लिवल्यान?”

“मी, बाबा.”

“बंद कर.”

त्यांनी आवाज चढवला नाही. आठळ्यांची परात तशीच ठेवून ते आत जाऊन पडले आणि जेवायलाही उठले नाहीत. सुलक्षणाला आधी राग आला. सगळं खोटं तर आहे, सैतान खोटा, डोंगर खोटा, त्यात एवढं काय मनाला लावून घ्यायचं? पण रागाच्या तळाशी लाज होती, आणि ती तिला कळत होती.

सकाळी चहा देताना तिने विचारलं, “शब्द चुकले का माझे?”

“शब्द बरोबर हत,” धाकू म्हणाले. “पण गाऱ्हाण्यात कोणी एकट्यासाठी मागना नाय गो. पोराबाळांक सांभाळ, गुराढोरांक सांभाळ, वाटसराक वाट दाखव, असा सगळ्यांसाठी मागतत. म्हणान गाव हुंकार देता. तुझे ते मुखवटे राज्य मागतत, दुसऱ्याचो जीव मागतत. तेका मियां हुंकार कसो देऊ? एकट्यासाठी मागलंस काय ती करणी झाली.”

वहीत करणीपुढे तिने सहा ओळी लिहिल्या होत्या. त्यात हे कुठेच नव्हतं.

ती तडक अंधेरीला गेली. मर्विन ऐकूनच घेईना. “वाट लावशील माझी. परवा भाग पाठवायचाय. आणि सगळ्यांना आवडलंय ना यार?”

“मला आवडत नाही आता.”

“पुढचा सीझन जाईल हातातून. मग मला बोलू नको.”

“गेला तर गेला. ह्याच्याखाली माझं नाव नको.”

मर्विनने घड्याळात बघितलं. त्याच्या आजीने गावच्या क्रुसापुढे कुणाला टवाळी करू दिली नसती, हे त्याला आठवलं की काय, देव जाणे. “दोन तास देतो,” तो म्हणाला.

तिने दीड तासात लिहिलं. आता पुरोहिताच्या मागून चाळीस मुखवटे एकच शब्द म्हणत होते, ‘मला’. आधी कुजबुजत, मग ओरडत, शेवटी एकमेकांना ढकलत. होय म्हणणारं तिथे कुणीच नव्हतं. ऐकताना पहिल्यापेक्षा जास्त भीती वाटली, हे मर्विननेही कबूल केलं. गाऱ्हाणं तिने उचलून नवव्या भागात नेलं. तिथे डोंगराखालचं गाव, सैतान चालून येत असताना, आपल्या देवीपुढे पाठमोरं उभं राहतं. त्यांचेही ओठ दिसत नव्हते. शब्द बाबांच्या गावचे नव्हते, तिने नवे बांधले. एका म्हाताऱ्याच्या आवाजात मागणं होतं, धान्यासाठी, लेकरांसाठी, आणि वाट चुकून शत्रूकडे गेलेल्यांसाठीसुद्धा.

पुढच्या सीझनबद्दल मर्विन काही बोलला नाही, तिनेही विचारलं नाही. दीड महिन्याने एका रविवारी दुपारी तिने टीव्हीवर नववा भाग लावला. बाबांना काहीच सांगितलं नव्हतं. धाकू खुर्चीत अर्धवट डुलक्या घेत होते. पडद्यावर म्हातारा बोलायला लागला तसे ते सावरून बसले. वाट चुकलेल्यांचं मागणं आलं, आणि पडद्यावरचं गाव तोंड उघडायच्या आत खुर्चीतून भरदार आवाज आला.

“होय म्हाराजा.”

सुलक्षणाने टीव्हीकडे बघितलंच नाही. ती बाबांकडे बघत होती, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला वाटलं की आपण लेखक आहोत.