अण्णांनी कटरची धार बघितली

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, दुकानात नेणं म्हणजे मुलगी बघायला आत्याबाईला सोबत नेणं. पहिल्या झटक्यात काही पसंत पडायचं नाही.

त्या दिवशी मानवतहून परभणीला गेलो ते धातू घासायची कटर घ्यायला. पाथरीच्या एका हौशी माणसाच्या गाडीचं इंजिन आमच्या गॅरेजात खोलून ठेवलं होतं. इंजिनात हवा शिरते ती वाट त्याला आतून घासून मोकळी करून हवी होती, गाडी जोरात पळावी म्हणून. हे काम नुसत्या डोळ्यांचं नाही. ती वाट आत वळते, पुढचं दिसत नाही. किती घासलं, कुठे थांबायचं, ते बोट घालूनच कळतं. जरा जास्त झालं की भिंत फुटते आणि हेड, म्हणजे इंजिनाचा तो वरचा भाग, भंगारात. अण्णांच्या बोटांवर सगळ्या तालुक्याचा विश्वास होता.

माझाच डळमळला होता. शुगरमुळे त्यांच्या तळपायांना काही कळेनासं झालं होतं. चप्पल निसटून मागे राहायची आणि हे आपले पुढे चाललेले. म्हणून गाडी मीच चालवायचे. हातांचं विचारलं की म्हणायचे, "हात ठणठणीत हायत. तू तुझी शाळेतली पोरं बघ." हात गेले तर गॅरेज गेलं, आणि गॅरेजाशिवाय अण्णा कसे जगतील, ही भीती मी कुणाला बोलून दाखवली नव्हती.

दुकानदारानं काचेच्या काउंटरवर कटर मांडल्या, बोटाएवढ्या, दातेरी. बारीक दातांची अण्णांनी लगेच बाजूला सारली. "ही लोखंडाला. आपलं हेड ॲल्युमिनियमचं हाय. ते दातांत जाऊन बसतंय, मग कटर नुसती फिरती." मला बरं वाटलं. असं बोलले की अण्णा जुनेच वाटायचे.

मोठ्या दातांची एक उचलून त्यांनी अंगठ्यावर दाबून फिरवली. आयुष्यभर धार अशीच बघत आले होते.

"बोथट हाय. दुसरी दाखवा."

दुसरी फिरवली, जरा जोरात. "ही बी तसलीच. नवा माल ठेवत न्हाईत का तुमी?"

 दुकानदार काचेकडे बघत होता. मीही बघितलं. काचेवर रक्ताचे थेंब पडले होते, अण्णांच्या अंगठ्यातून अजून पडत होते, आणि अण्णा तिसरी कटर शोधत होते.

मग त्यांचीही नजर काचेवर गेली. कटरचा नाद सोडून त्यांनी घाईघाईनं माझा हात ओढला, पालथा केला, सुलटा केला, एकेक बोट तपासलं. माझ्या बोटांना रक्त लागत गेलं, तसे ते जास्तच घाबरले.

"कुठं लागलंय तुला? लय दुखायलंय का?"

"लय दुखायलंय, अण्णा," मी म्हणाले, आणि हात सोडवून घेतला नाही.