क्योटोचा नकाशा बाळगणारी बाई

सुमे, फोन जरा जवळ धर आणि ऐक. तिकडे दुसऱ्या शहरात, गुंगालिनला राहायला गेलीस आणि मावशीला विसरलीस, काय म्हणावं तुला!

इथे लेकीच्या घराजवळ, पेंडल हिलच्या बागेत मला रोज सकाळी एक बाई भेटते. माझ्याच वयाची, साडीवर स्पोर्ट शूज घालणारी. नाव मी मुद्दामच विचारलेलं नाही. बाकावर बसली की पर्समधून क्योटोचा नकाशा काढते, मांडीवर ठेवून हाताने सपाट करते आणि बोट ठेवून सांगते, "या बागेत नुसती वाळू आणि दगड, तरी तासभर बसले. आणि इथे झू. हत्तीशी मराठीत बोलले, तर कान हलवले हो त्याने!"

मी "छान छान" म्हणते, पण पोटात दुखतं माझ्या.

काल खोचून विचारलंच, "मुलाने नेलं असेल ना?"

"तो तीन वर्षं म्हणत होता, पुढच्या वर्षी जाऊ. मग मी एकटीच गेले."

मी मात्र इथल्या इथे, ट्रेनने सिटीत जायलासुद्धा लेकीच्या सुट्टीची वाट बघत बसते गं. तू लवकर ये. मला कुठे न्यायला नको, विमानाचं तिकीट कसं काढतात तेवढं शिकवायला ये.